कोयता आधी खाली

आमचे हे नारळ पाडणारे. निर्मळच्या वाड्यांमध्ये हे माड चढायचे आणि मी खाली नारळ गोळा करायचे. वाड्या विकल्या जाऊ लागल्या, माड कमी झाले, तसे लोक यांना भलत्याच कामांना बोलवू लागले. बोळिंजला मधमाश्यांचं पोळं काढा, कळंबला कॉटेजची कौलं बसवा. हे कोणाला नाही म्हणत नसत. "चढायचंच हाय ना," म्हणायचे. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. त्यांच्या हातांची पकड होती म्हणून आमची चूल पेटत होती, एवढं सरळ होतं.

बोळिंजच्या एका चार मजली बिल्डिंगच्या भिंतीत पिंपळाची रोपं उगवली होती. ती काढायला सेक्रेटरींनी यांना बोलावलं. दोर टाकून भिंतीवर काम करायचं ते एरवी रंगवाल्यांचं. ते त्या दिवशी बाजूच्याच विंगला रंग देत होते. यांनी गच्चीवर दोर बांधला, पाइपावर पाय रोवले आणि कोयत्याने रोपं तोडायला लागले. मी खाली उभी.

चार रंगवाले माझ्या बाजूला येऊन थांबले.

"मावशी, हा तुझा माणूस? आमच्या पोटावर पाय द्यायला आला काय?"

मला परक्या माणसांशी बोलता येत नाही. मी मान हलवली.

"ए माकडा, खाली उतर. ये बिल्डिंग अपना है."

वरून हे म्हणाले, "मला बोलवलं म्हनून आलो. सेक्रेटरीला विचारा."

"तू उतर तर. मग विचारतो."

आता, माड उतरताना कोयता कोणी कमरेला ठेवत नाही. पाय निसटला तर तोच पोटात जातो. म्हणून 'कोयता' अशी हाक द्यायची, तो खाली टाकायचा आणि मग उतरायचं. खालच्याने हाक ऐकली की लांब व्हायचं. वाडीतलं शेंबडं पोर पण लांब होतं. यांनी भिंतीवर तेच केलं. भांडायचं नाही, हत्यार टाकून उतरायचं, असंही त्यांच्या मनात असेल.

"कोयता," ते ओरडले.

मी मागे सरले. म्हटलं, "बाजूला व्हा."

"घाबरवते काय ग?" एक जण हसला. तेवढ्यात कोयता त्याच्या चपलेचा पट्टा कापून मातीत रुतला. अंगठ्यातून रक्त आलं.

"कोयता फेकला साल्याने. मारायला बघतो."

हे पहिल्या मजल्यापर्यंत आले होते. दोघांनी दोराचं खालचं टोक धरून जोरात हिसका दिला. यांचे पाय पाइपावरून सुटले. ते कुशीवर पडले, आणि उठायच्या आत बांबू बसायला लागले. पाठीवर, गुडघ्यावर. यांनी डोकं वाचवायला उजवा हात वर केला. चपलेवाल्याने तो हात ओढून जमिनीवर दाबला, मनगटावर पाय दिला आणि फरशीचा तुकडा उचलून बोटांवर घातला. एकदा, परत, परत. हाडाचा आवाज मी ऐकला. हे मोठ्याने श्वास घेत होते, बैल घेतो तसा.

बाल्कन्यांमधून माणसं मोबाइल धरून बघत होती.

मी मातीतला कोयता उपसला आणि उलट्या बाजूने त्या माणसाच्या खांद्यावर हाणला. पात्याच्या बाजूने नाही, एवढं माझ्या हाताला कळलं. तो कळवळून बाजूला कोसळला. दुसरा पुढे आला, तेव्हा मी कोयता फिरवून पातं त्याच्याकडे केलं. तो थांबला. "पागल है," म्हणाला आणि बांबू टाकला.

मग वॉचमन आला, सेक्रेटरी आले. यांच्या तोंडातून रक्त गळत होतं, आणि सेक्रेटरी मला सांगत होते, "वहिनी, सोसायटीत हत्यार आणायला नको होतं."

पोलीस चौकीत दोन्हीकडची तक्रार मिटवली. यांचं प्लास्टर निघालं, पण मधली दोन बोटं वाकेनात. डॉक्टर म्हणाले, दाबायला चेंडू द्या. हे चेंडू दाबत बसायचे आणि परसातल्या माडाकडे बघायचे.

एका सकाळी न सांगता चढले. अर्ध्यावर गेले आणि मूठ सुटली. छाती खोडाला घासत खाली आले, सदरा फाटला, कातडी सोलून निघाली. मी हळद आणायला आत गेले. बाहेर आले तर हे कुऱ्हाड घेऊन माडाच्या बुंध्यावर घाव घालत होते. डाव्या हाताने धरायची आणि उजव्या मनगटाने रेटायची. घाव नीट बसत नव्हता, तरी घालत होते. छातीतलं रक्त पोटावर उतरत होतं.

शेजारचे भाऊजी कुंपणाशी आले. "अरे, घरावर पडंल तो. थांब जरा, मी मानसं आनतो."

यांनी मान वर केली नाही. मी हळदीची वाटी पायरीवर ठेवली, माडाला दोर बांधला आणि घराच्या उलट दिशेला ओढून धरला.

दुपारनंतर माड गेला. भाऊजींच्या सात-आठ केळी मोडल्या. ते कुंपण ओलांडून आले आणि बुंध्याचा दोर सोडायला लागले.