वाऱ्यात काही ऐकू येत नाही

माझी मामी आयुष्यभर मागे बसली. टोमणा नाही, स्कूटरबद्दल सांगतेय. मामा पुढे, मामी मागे आणि दोघांच्या मध्ये मामाची पाना-पकडीची पिशवी, अशी ही जोडी या परक्या शहरात इतकी वर्षं फिरली की कोपऱ्यावरचा पाववाला त्यांना ‘अडीच माणसं’ म्हणायचा. मामीला त्याची भाषा तेव्हा कळत नव्हती. ती त्याच्याकडे बघून गोड हसायची.

मामा लिफ्टची देखभाल करायचा. या इमारतीतून त्या इमारतीत, दिवसभर वर आणि खाली. मामी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची, अजूनही करते. तापलेल्या मोठ्या रुळांमध्ये एका बाजूने चादर सोडायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन आली की दोघींनी मिळून घडी घालायची. वाफ इतकी की समोरची बाई ढगातून हात पुढे करतेय असं वाटतं. मशीनच्या घरघरीत बोलायची सोय नाही, आणि सोय असती तरी तिथली भाषा मामीला येते ती मीठ-मिरची आणण्यापुरती. घरी मामा तोंडात गुळणी धरल्यासारखा. मग बोलायचं कुणाशी?

मामाच्या पाठीशी. संध्याकाळी तो तिला घ्यायला यायचा आणि घर येईपर्यंत ती त्या पाठीशी बोलत राहायची. लग्नानंतर पहिल्यांदा स्कूटरवर बसली तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं, “वाऱ्यात काही ऐकू येत नाही.” झालं, मामीला रान मोकळं. सासरच्यांची उणीदुणी, हाताला बसलेले चटके, घरची आठवण, खुद्द मामाचा चेंगटपणा, सगळं ती त्या पाठीवर ओतायची. दिव्यांच्या रांगा मागे पळत असायच्या, थंड हवेत डोळे मिटायला लागायचे आणि तोंड चालूच. “देवापुढे बोलल्यासारखं वाटायचं गं,” ती मला सांगायची. “ना उत्तर, ना उपदेश.”

देवानेही अधूनमधून ऐकलं म्हणे. सुरुवातीला ते तळघरातल्या खोलीत राहायचे. खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसत. एका संध्याकाळी मामी मागून म्हणाली, मला आभाळ दिसणारी खिडकी मिळाली तर मी दुसरं काही मागणार नाही. थोड्याच महिन्यांत मामाने वरच्या मजल्यावरचं घर शोधलं. विचारलं तर म्हणाला, “तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. जवळ पडेल.” मामी अजून म्हणते, बोलाफुलाला गाठ पडली.

पण मामाचा विषय निघाला की तिची एक तक्रार हमखास यायची, ती प्लगची. तिची आई गेली तेव्हा तिला जाता आलं नाही. रडताही आलं नाही, कारण इथल्या भिंती पातळ आणि शेजारीण इतकी भली की हुंदका ऐकला की सूप घेऊन दारात हजर. हे गाऱ्हाणंही तिने त्या पाठीलाच सांगितलं. त्याच रविवारी मामाने तिला शहराबाहेरच्या तळ्यावर नेलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. मामी पाण्यापाशी जाऊन बसली आणि हा गृहस्थ लांब झाडाखाली स्कूटर लावून, तिचा प्लग काढून पुसत बसला. पार उन्हं उतरेपर्यंत. “माझी आई गेली, मी तिकडे धाय मोकलून रडतेय, आणि हा माणूस प्लग साफ करतोय,” मामी सांगायची. “दगड आहे नुसता.” मी मान डोलवायची. मलाही मामा दगडच वाटायचा.

मी इथे नोकरीसाठी आले ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत तात्पुरती राहायला, आणि तिथेच राहिले. त्यानंतर मामाचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. मधोमध एक धूसर डाग आला. समोरचं पुसलं गेलं, कडेचं दिसत राहिलं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी गाडी बंद केली. लिफ्टचं काम त्याने त्याच आठवड्यात सोडलं, पण त्याचं त्याला इतकं लागलं नाही जितकं स्कूटरचं लागलं. या देशात कचेऱ्यांत, दुकानांत, शेजाऱ्यांपुढे तो नेहमी जरा अंग चोरून उभा असायचा. स्कूटरवर बसला की मात्र त्याची मान सरळ व्हायची.

आता तो खिडकीशी बसू लागला. त्याच आभाळवाल्या खिडकीशी. चल म्हटलं की, “तुम्ही जा.” बस नको, पायी नको, कुणाचा हात धरणं तर नकोच. रोज सकाळी खाली जाऊन बंद स्कूटर एका अंगावर आडवी करायचा, पुन्हा उभी करायचा आणि वर यायचा. थंडीत तिला तसं केल्याशिवाय पेट्रोल चढत नसे. बाकी बाहेर जाणं संपलं. माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता आणि मला भारी राग यायचा, त्याचाही आणि त्याला काही न बोलणाऱ्या मामीचाही.

मामी बोलत नव्हती, कारण बोलायला पाठ उरली नव्हती. पण तिने एक केलं. कामावरून सुटल्यावर गुपचूप गाडी शिकायला जाऊ लागली. या वयात, परक्या भाषेत. डावी-उजवीकडे वळायचे शब्द तिने पोळ्या लाटताना पाठ केले. परीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली. मामाला सांगितलं तेव्हा तो इतकंच म्हणाला, “बरं झालं. तुला कामावर जायला सोपं पडेल.”

“आणि तुम्ही?” मामीने विचारलं.

“मी कशाला?”

मामी मला म्हणाली, “मला स्वप्न पडतं. पिवळ्या उन्हात लांबच लांब रस्ता असतो, मी चालवत असते, अगदी हलकं वाटत असतं. मग मागे बघते तर सीट रिकामी. हे मागे बसले नाहीत ना, तर मला गाडी नकोच आहे. मला कुठं एकटीला जायचंय?”

जुनी स्कूटर मामीला झेपणारी नव्हती. जड, आणि गियर हाताने बदलायचे. नवी घ्यायची ठरली. “तुला फसवतील,” असं म्हणून मामा शोरूममध्ये यायला तयार झाला. मी दुभाषी. वाटेत बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

शोरूम म्हणजे काचेचा महाल. वरून मऊ उजेड सांडत होता, खाली चकचकीत फरशी, आणि त्या फरशीत प्रत्येक स्कूटर उलटी होऊन तरंगत होती. मामी दबकत चालू लागली. मामा कावळ्यासारखी मान तिरकी करून एकेक गाडी डोळ्याच्या कडेने बघत होता. एका गाडीपाशी थांबला. “पिवळी का ही?”

“पिवळी,” मी म्हणाले.

“ही दिसते मला,” तो म्हणाला आणि कुणाला काही कळायच्या आत सराईतपणे हँडल धरून त्याने ती कोरी करकरीत गाडी एका अंगावर आडवी केली.

सेल्समन धावत आला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. मी सांगितलं की पडली नाही, आमच्याकडे अशीच चालू करतात. त्याने समजावलं की ही विजेवर चालते. पेट्रोल नाही, किक नाही, आवाज नाही. मामाने गाडी उभी केली आणि मला विचारलं, “मग सकाळी उठून हिचं करायचं काय?” मला हसू आलं, आणि लगेच गेलं.

सेल्समन मामीला म्हणाला, बसून बघा. मामी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून पुढे झाली आणि बसली. मागच्या सीटवर. एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर पर्स, नजर समोर. पुढची सीट रिकामी. आणि ती वाट बघत राहिली. तिला कळलंच नाही आपण काय केलं ते. सेल्समन माझ्याकडे बघतोय, मी मामीकडे.

“काय झालं?” मामाने विचारलं.

“मामी मागे बसली,” मी म्हणाले.

वरच्या उजेडात मामाचे डोळे आमच्या कुणाकडेच नव्हते. मला वाटलं, आता हा वळणार आणि बसच्या थांब्याकडे चालू लागणार. त्याने हात पुढे केला, हँडल चाचपलं, मग रिकामी सीट, मग मामीचा गुडघा.

“अगं,” तो म्हणाला, “पुढं सरक.”

मामी पुढे सरकली. एक पाय इकडे, एक तिकडे. मामा म्हणाला, “मागं जागा किती उरते ते बघायला पाहिजे,” आणि बसला. सेल्समनने दार उघडलं आणि ते दोघं बाहेरच्या उन्हात आवाज न करता निघून गेले. चौकाला वळसा घालून परत आले तेव्हा मामाचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता आणि तो सांगत होता, “गियर बदल, गियर बदल.” गाडीला गियरच नव्हते. आम्ही पिवळी गाडी घेतली.

पहिल्या रविवारी ती दोघं तळ्यावर जाऊन आली. मामा लगेच आत जाऊन पडला. मामी स्वयंपाकघरात आली, चहाचं आधण ठेवलं, आणि साखर हातात घेऊन नुसती उभी राहिली.

“बोलत होते,” ती म्हणाली. “जाताना आणि येताना. माझ्या कानाशी. इतक्या वर्षांत एवढं बोलले नाहीत.”

“काय?”

“तुझा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसतो म्हणाले. मान वळवून कडेने बघितलं तर जराशी दिसतेस. म्हणून जेवताना भिंतीकडे बघतो, रागावू नकोस. मग म्हणाले, घरात बसून भीती वाटते. त्या उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची खोली होती, काम झालं की तिथल्या वाऱ्यात उभा राहायचो, तिथे एकदा जावंसं वाटतं.” तिने साखर आधणात टाकली. “उतरल्यावर मला विचारलं, ऐकू आलं का काही? मी म्हणाले, वाऱ्यात काही ऐकू येत नाही.”

“आणि आलं होतं?”

“शब्दन् शब्द.”

चहा उतू गेला. मामीचं लक्षच नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पण मला नाही. “नव्या गाडीला आवाज नाही ना,” ती हळूच म्हणाली, “म्हणून असेल.”

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिने मला खाली नेलं. जुनी स्कूटर अजून तिथेच होती, धूळ खात. आम्ही दोघींनी मिळून ती आडवी केली, उभी केली, किका मारून मारून चालू केली. गल्ली धुक्यात बुडालेली होती. “मागे बस,” मामी म्हणाली. “आणि बोल काहीतरी. हळू. मी बोलायचे तसं.”

गाडी फटफटत, हेलकावे खात निघाली. मी तिच्या खांद्याला धरून पुटपुटले की मला सकाळी भूक लागते, की ऑफिसातली ती बाई मला आवडत नाही, की तुम्ही दोघं नसता तर मी केव्हाच परत गेले असते. कोपऱ्यावर मामीने गाडी थांबवली आणि मागे न वळता हे सगळं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फाटला.

ती हँडल धरून तशीच बसून राहिली. गाडी थरथरत होती. धुक्यात पाववाल्याच्या दुकानाचा दिवा लागला. मला वाटतं ती सगळे रस्ते पुन्हा एकदा फिरून येत होती, पहिल्या दिवसापासूनचे, प्रत्येक संध्याकाळचे.

मग म्हणाली, “तो प्लग साफच होता गं.”

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. मी बसने, ते दोघं पिवळ्या गाडीवरून. मामीने त्या उंच इमारतीच्या रखवालदाराला आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत आधीच गाठून ठेवलं होतं. मी आधी पोचले होते. गाडी फाटकात थांबली. मामाने मान तिरकी केली, भिंतीला हात लावला, आणि त्याला कुठे आलो ते कळलं.

“इथं कुठं आणलंस?”

“रस्ता चुकले,” मामी म्हणाली.

मामा गाडीवरून उतरला नाही. मागेच बसून राहिला. त्याने आपला हात तिच्या खांद्यावर ठेवला, ती इतकी वर्षं त्याच्या खांद्यावर ठेवायची तसा.

“तुला सगळं ऐकू येतं,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?” मामी समोर बघत म्हणाली. “वाऱ्यात काही ऐकू येत नाही.”

गाडी तेव्हा उभी होती, आणि झाडाचं पानही हलत नव्हतं.