तपकीर सुटली त्याची पार्टी

मलकपेठेत आमच्या शेजारच्या घरात एकच व्यसनी माणूस आहे, असं सगळी गल्ली समजून होती. तो माणूस म्हणजे चतुराबाई. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण आणि कमरेला तपकिरीची डबी. उदगीरकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या, तेव्हा दाढ दुखते म्हणून कुणीतरी त्यांना चिमूटभर तपकीर दिली होती. दाढ पुढं पडून गेली, तपकीर राहिली.

त्यांचे यजमान उत्तमराव वीज खात्यात कारकून होते. ते संध्याकाळी सेंदी, म्हणजे शिंदीची ताडी, पिऊन घरी यायचे. पण ते व्यसन नव्हतं. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्याला एवढं चालतंच, असं गल्लीचं मत होतं, आणि गल्लीतले बहुतेक पुरुष त्याच सेंदीच्या दुकानात जात असल्यामुळं ते मत फार पक्कं होतं. उत्तमराव गेले तेव्हा सगळे म्हणाले, देवमाणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चतुराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि सवयीनं चिमूट नाकाशी नेली. तेव्हा मात्र जमलेल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. आजच्या दिवशी तरी!

त्यांचा मुलगा संदेश औषधांच्या एका कंपनीत चिकटला. देशात नव्या कंपन्या, नव्या मोटारी, नवे चॅनल येत होते ते दिवस. बघता बघता तो एरिया मॅनेजर झाला. घरात मारुती आली, केबल आली, काचेच्या दाराचं कपाट आलं आणि कपाटात पातळ पायांचे ग्लास आले. वडील प्यायचे ती सेंदी होती, मुलगा घ्यायचा ते ड्रिंक्स. सेंदी पिणाऱ्यानं मान खाली घालून घरात शिरायचं असतं, ड्रिंक्सवाल्यानं पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायचं असतं. 'डॉक्टरांबरोबर बसावं लागतं, माय. त्याशिवाय ओळख वाढत नाही,' असं तो आईला सांगायचा. घरात तो तिला माय म्हणायचा, पाहुण्यांसमोर आई.

पाहुणे आले की संदेशची बायको त्रिवेणी शेंगदाण्यांत कांदा चिरून घालायची, बर्फ काढून द्यायची आणि सासूबाईंची डबी उचलून मागच्या खोलीत ठेवायची. चारचौघांत घाण दिसते म्हणून. शाळेत जाणारी नात योगिनीसुद्धा म्हणायची, "आजी, माझ्या फ्रेंड्स आल्या की तू बाहेर येऊ नको ना. शिंकतेस तू."

"हौ गं बाई," म्हणून चतुराबाई आत जाऊन बसायच्या.

मग राज्यात दारूबंदी आली. खेड्यापाड्यांतल्या बायांनी दुकानांपुढं ठिय्या दिला होता, सरकारला कायदा करावा लागला. चतुराबाईंना वाटलं, चला, पोरगं सुटलं. पोराला मात्र त्याच महिन्यात गावाची ओढ लागली. दिवाळीतसुद्धा ज्याला उदगीरला जायला सुट्टी मिळत नसे, तो आता दर महिन्याला म्हणू लागला, "माय, चल, गावाकडं जाऊन येऊ. काका आठवण काढायलेत."

काकांची भेट चहापुरती व्हायची. परतताना चतुराबाईंच्या पायाशी एक ट्रंक यायची. वर लोणच्याची बरणी आणि कुरडया, खाली महाराष्ट्रात उघड मिळणारं बाकीचं. पोलीस म्हाताऱ्या बाईची ट्रंक उघडत नाहीत, हे संदेशला चांगलं ठाऊक होतं.

एकदा झहीराबादच्या अलीकडं एका हवालदारानं गाडी अडवली. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं. संदेशनं घाईनं लायसन्स पुढं केलं. हवालदाराची नजर ट्रंकेवरून फिरून चतुराबाईंच्या हाताकडं गेली.

"ये डब्बी में क्या है अम्मा?"

चतुराबाईंनी डबी उघडून पुढं केली. त्यानं वास घेतला आणि सटासट शिंकला. "तौबा! इस उमर में नशा? बेटा इत्ता शरीफ है, उसका तो खयाल करो!"

"बोल बोल के थक गया मैं," शरीफ बेटा म्हणाला.

गाडी सुटली. चतुराबाई म्हणाल्या, "ट्रंकीवर पाय ठिवून बसलेव मी. सांगून येऊ का त्याला?"

"काय माय, मजाक करायलीस," संदेश हसला.

त्या हसल्या नाहीत. पुन्हा गावाकडं चल म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायचे. संदेशनं मग लोणचं एकट्यानंच आणलं.

दोनेक वर्षांत सरकारची तिजोरी कोरडी पडली आणि माणसाला असं एकदम सुधारणं बरं नव्हे, हे सरकारच्याही ध्यानात आलं. बंदी उठली. तपकिरीवर कुठलंच सरकार चालत नाही, हे चतुराबाईंचं दुर्दैव.

त्याच सुमारास संदेशला बढती मिळाली. घरी पार्टी झाली. त्याचे वरिष्ठ अप्पाराव आले, नाक-कान-घशाचे डॉक्टर हिम्मतराव आले, आणखी चारदोन जण आले. ऐन रंगात मागच्या खोलीतून शिंक ऐकू आली. हिम्मतरावांनी विचारलं, आणि संदेशनं मान खाली घालून घरातली लाजिरवाणी गोष्ट सांगून टाकली. डॉक्टरांनी चतुराबाईंना बाहेर बोलावलं.

"मावशी, हे फार वाईट. कॅन्सर होतो. माणूस गुलाम होतो गुलाम!" डॉक्टर तळमळीनं सांगत होते आणि त्यांच्या हातातल्या ग्लासात बर्फ किणकिणत होता. "विल पॉवर पाहिजे."

"सोडते मी," चतुराबाई म्हणाल्या. "मग तुमी सोडताव का हे?"

सगळे पोट धरून हसले. डॉक्टर म्हणाले, "अहो, हे सोशल आहे. व्यसन वेगळं, सोशल वेगळं."

"म्हंजे चारजणांनी मिळून केलं की व्यसन नाही?"

"एक्झॅक्टली!" डॉक्टर म्हणाले. म्हातारीला इतक्या पटकन समजलं म्हणून ते खूष झाले.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईंनी डबी नाल्यात टाकून दिली. मग त्यांचे हाल सुरू झाले. डोकं फुटायला आलं. अन्नाची चव गेली. हात सारखा कमरेशी जायचा आणि रिकामा परत यायचा. बेगम बाजारात हळद आणायला गेल्या असताना तपकिरीच्या दुकानासमोर त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं. शेवटी हळद न घेताच घरी आल्या. त्या दिवसांत त्यांची विचारपूस करायला कुणी आलं नाही. त्यात विचारपूस करण्यासारखं काय होतं?

पण त्यांनी खरंच सोडली. थंडी सुरू होईपर्यंत सगळ्यांची खात्री पटली, आणि आईची तपकीर सुटली म्हणून संदेशनं पार्टी दिली. चतुराबाईंना सुलतान बाजारातून आणलेली साडी नेसवून मधोमध बसवलं, हातात थंड सरबत दिलं. अप्पारावांनी ग्लास उंच केला. "अम्माजी के विल पॉवर के नाम!" सगळ्यांनी ग्लासाला ग्लास भिडवले. पुन्हा भरले आणि पुन्हा त्यांच्याच नावानं भिडवले.

"आता तू, संदेश," चतुराबाई म्हणाल्या.

यावर तर टाळ्याच पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळचा चहा पिताना संदेशची बशी वाजू लागली. मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्रिवेणीला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, "दारूमुळं लिव्हर खराब झालंय. आणखी प्यायले तर वाचायचे नाहीत." त्रिवेणीनं हे सासूखेरीज कुणाला सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. भेटायला येणारे कारणं घेऊनच यायचे. कुणी म्हणे बाहेरचं खाणं, कुणी म्हणे टेन्शन, कुणी म्हणे घराला नजर लागली. चतुराबाईंचे धाकटे भाऊ एकनाथराव शहाळी घेऊन आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "कावीळ पाण्यातून होते. या शहराचं पाणीच खराब."

"पाण्यातून नाही," चतुराबाई म्हणाल्या. "दारूतून झाली."

एकनाथरावांनी शहाळी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन त्रिवेणीला म्हणाले, "ताईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आजारी पोराबद्दल असं बोलतं का कुणी?"

त्रिवेणी आत येऊन सासूवर भडकली. "आत्याबाई, चारचौघांत काय बोलता हे? लोक काय म्हणतील?"

"माझी तपकीर चारचौघांतच काढली होती की. तवा नाही कुणाची लाज गेली."

संध्याकाळी अप्पाराव फुलं घेऊन आले. "वर्क प्रेशर," त्यांनी निदान केलं. "जल्दी ठीक हो जाओ संदेश, पार्टी बाकी है."

"पार्टी नहीं होगी, सर," त्रिवेणी म्हणाली. "दारूनंच झालंय हे. दारूनंच."

अप्पारावांना एकदम एक काम आठवलं. ते गेल्यावर संदेशनं भिंतीकडं तोंड केलं. मग त्यानं विचारलं, "माय, तुझं कसं सुटलं?"

"सुटलं कुठं? अजून हात जातोय कमरेला." त्या त्याच्या उशाशी सरकल्या. "डोकं उठलं की मी लाह्या चघळायची. रडूबी यायचं. एकटीच होते, म्हणून लई जड गेलं. तू एकटा नाहीस."

संदेशनं सोडली. मध्ये एकदा एका रिसेप्शनमध्ये पाय घसरला, तेव्हा त्रिवेणीनं त्याला हाताला धरून भर मांडवातून घरी आणलं. पुन्हा सोडली, ती मात्र कायमची. आणि तेव्हापासून खरी पंचाईत सुरू झाली. "घेत नाही म्हणजे? बीअर तरी? बीअर म्हणजे काय दारू आहे का?" मित्र आधी आग्रह करायचे, मग कीव करायचे, मग बोलवेनासे झाले. कंपनीला तो आता मनमिळाऊ वाटेना. त्याला ऑफिसात कागदांमागं बसवलं. तो राजीनामा देऊन मोकळा झाला आणि कोठी भागात औषधांची लहानशी एजन्सी काढली.

काही वर्षांनी योगिनीला स्थळ आलं. मुलगा माधापूरच्या कॉम्प्युटर कंपनीत होता. बोलणी छान झाली. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात मध्यस्थ मान खाजवत आला.

"त्यांना जरा शंका आहे," तो म्हणाला. "मुलीचे वडील काहीच घेत नाहीत म्हणे. थेंबभरसुद्धा नाही. म्हणजे पूर्वी फारच घेत असणार, असं त्यांचं म्हणणं. तसं त्यांच्याकडं सगळेच घेतात, पण लिमिटमध्ये. अशा घराशी जमायचं कसं?"

संदेशचा चेहरा उतरला. त्रिवेणी काही बोलणार तोवर योगिनीच दारात येऊन म्हणाली, "त्यांना सांगा, आमच्याकडनंच नक्को." आणि ती आत निघून गेली.

चतुराबाईंना हसू आलं. इतकं आलं, की शेजारून आम्ही काय झालं म्हणून पाहायला गेलो. त्या डोळे पुसत होत्या, त्रिवेणी चहाचं आधण वाढवत होती, आणि संदेश मध्यस्थाला बळंच फराळाची बशी देत होता. दारू सुटलेल्या घरचं खावं की नाही, अशा चेहऱ्यानं मध्यस्थ बशीकडं पाहत बसला होता.