मावशीचं पातळ रक्त

हार ओवताना बोटात सुई गेली की मावशी ते बोट उभं धरायच्या आणि समोरच्याला दाखवायच्या. "पाह्य पोट्टे, अजून चालूच." रक्त थांबेपर्यंत दुसऱ्या हाताने फुलं निवडणं सुरू असायचं. पांढऱ्या शेवंतीवर डाग दिसतात म्हणून त्यांनी शेवंती सोडून लाल गुलाब आणि झेंडूच धरला होता.

कॉलेजसाठी मी मोर्शीहून अमरावतीला आले आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला सगळं कळतं, असं मावशींना वाटायचं. मला फारसं कळत नव्हतं, तरी अकोल्याच्या डॉक्टरांकडे जाताना त्या मलाच सोबत न्यायच्या.

आजार लिव्हरचा, जुन्या काविळीतून आलेला. लोक आधी दारूचंच विचारायचे. मावशी सांगायच्या, "दारू नवरा प्याला, लिव्हर माह्यं गेलं. असा न्याय हाय बाप्पा."

आमच्या ओळीत एक निवृत्त कंडक्टर काका राहतात. हृदयाची झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतात. मावशी त्यांना चिडवायच्या, "तुमाले गोया खाऊन जे जमते, ते मले फुकटात झालं."

"बिनतिकीट बसली तू, बाई," काका म्हणायचे, आणि दोघं हसायचे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं. लिव्हर रक्त गोठवणारी द्रव्यं बनवतं, तशी गोठू न देणारीही बनवतं. दोन्ही कमी झाली की तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात, ती कुठेही कलू शकतात. रक्त वाहील, तसं आतल्या आत गोठेलही. एक पाय सुजला तर लगेच या. मावशींनी मान डोलावली. बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात एवढंच उरलं होतं, की रक्त पातळ आहे.

मग डावी पोटरी सुजली. मी म्हटलं, अकोल्याला जाऊ. "मांडी घालून बसतो मी दिवसभर, सुजणारच," त्या म्हणाल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पाहिला. एवढ्या पातळ रक्तात गाठ कशी होईल, म्हणाले, आणि पट्टी बांधायला सांगितलं. मी चाचरत बोलले, "सर, अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते..." त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शेवटी मी रडायला लागले तेव्हा मावशी बसमध्ये चढल्या. सोनोग्राफीत पोटरीच्या शिरेत गाठ निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, रक्त पातळ करायच्या.

घरी आल्यावर मावशींनी ती गोळ्यांची पट्टी सगळ्यांना दाखवली. "आधीच पाण्यासारखं रक्त, त्यात अजून पाणी! कंडक्टर, तुमीच सांगा."

काका हसले. "बरोबर हाय तुह्यं. मले देऊन टाक."

झालं. मी तराजूचं पुन्हा सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं. मावशी कौतुकाने ऐकायच्या. "किती छान समजावते पोट्टी," म्हणायच्या, आणि गोळ्या फुलांच्या टोपलीखाली तशाच. रोज विचारलं की, "घेईन ना व, काहून डोकं खाऊन राहिली?" खरंच सांगते, त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एका सकाळी हार ओवता ओवता त्यांना दम लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

भेटायला आलेल्या बाया म्हणत होत्या, "रक्तच पातळ होतं बिचारीचं." मी म्हटलं, नाही हो, गोठल्यामुळे गेल्या त्या. एक बाई म्हणाली, "हो माय, तू शिकलेली हायस," आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "रक्त पातळ होतं ना तिचं." मी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदाही.

काका कोपऱ्यात होते. कुणीतरी चहा आणून दिला. सवयीने त्यांनी खिशातून गोळी काढली आणि तळहातावर ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"माह्यं आयकलं असतं तिनं," ते म्हणाले.

चहावर साय धरली. काकांनी गोळी तोंडात टाकली आणि तशीच कोरडी गिळली.