रविवारचा चेकअप

परुळेकर काकांनी तोंड उघडलं आणि मला त्यांचं हाड दिसलं. एक्सरेवर नव्हे, प्रत्यक्ष. खालच्या जबड्यात, मीच बसवलेल्या उजव्या स्क्रूला लागून हिरडी मागे सरकली होती आणि मुगाच्या डाळीएवढा पिवळट तुकडा उघडा पडला होता. जिवंत हाड असं उघडं राहत नाही. हे मेलेलं होतं.

"कधीपासून आहे हे, काका?"

"झाले असतील दोनेक महिने. जिभेला टोचतं."

"आणि दुखतं?"

"दुखतं की."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की जणू दुखणं शेजाऱ्याचं असावं.

मी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये दातांचा डॉक्टर आहे. गेलेल्या दातांच्या जागी नवे बसवणं हे माझं काम. काका इथल्या गॅस प्लांटमधून रिटायर झालेले इंजिनियर. जिभेच्या कडेला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. खालचे दात त्याआधीच काढले होते. कॅन्सर गेला, पण जाताना लाळ घेऊन गेला, आणि लाळ नसली की कवळी हिरडीला धरून राहत नाही. कुणाकडे जेवायला गेले की काका कवळी गुपचूप काढून रुमालात ठेवायचे आणि पोळी नको, भातच वाढा म्हणायचे.

"मंदार, मला चार माणसांत बसून पोळी खायची आहे रे," म्हणाले. मागणं एवढंच.

त्यावर उपाय म्हणजे इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी अडकवायची. पण रेडिएशनने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आटतात. अशा हाडाला जखम झाली तर ती भरेलच असं नाही. म्हणून कुठल्या भागाला किती रेडिएशन मिळालं याचा नकाशा मी हॉस्पिटलमधले सर्जन ग्रॅहमसोबत बसून बघितला. स्क्रूंच्या जागा पुढच्या, कमी मार बसलेल्या भागात धरल्या.

"कर," ग्रॅहम म्हणाला. "पण नंतर त्याच्या तोंडात बघत राहा. असं हाड बिघडायला लागलं की सांगत नाही, मेट."

स्क्रू छान बसले. कवळी टक्कन लागली. काकांनी माझ्या घरी, सगळ्यांसमोर, दोन पोळ्या खाल्ल्या. त्यांच्या पत्नी नीलाकाकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि काकूंच्या ताटातली आमटी गार झाली. मी तर असा मिरवत होतो, जणू पोळ्यांचा शोधही मीच लावला.

इथे मराठी घरं मोजकी. वेट सीझनमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, बाहेर जायची सोय नाही, म्हणून रविवारी सगळे आमच्याकडे जमतात. पहिल्या दोन तपासण्या झाल्यावर काकांचा फोन आला. "अरे, रविवारी भेटतोच आहोत. तुझी अपॉइंटमेंट कशाला अडवू? कुणा गरजूला दे."

मी रिसेप्शनिस्टला सांगितलं, "कॅन्सल कर, नो वरीज. मी त्यांना घरीच बघतो."

आणि बघत होतो. म्हणजे दारात चपला काढताना विचारायचो, "काय काका, कसं काय?" ते म्हणायचे, "फर्स्ट क्लास." झाला चेकअप. पुढची तपासणीही अशीच गेली, आणि तिच्या पुढचीही.

एका रविवारी काकांनी चकली उचलली, उजवीकडे धरली, डावीकडे नेली आणि अलगद बशीत ठेवली. मला वाटलं, पोट भरलं असेल. लक्षण माझ्यासमोर बशीत पडलं होतं. ते मी खाल्लं. वर काकूंना म्हणालो, "चकली मस्त झालीय."

शेवटी काकूंनीच क्लिनिकला फोन केला, आणि काका माझ्या खुर्चीत येऊन बसले.

"मला का नाही सांगितलंत, काका?"

"तुझ्या सुट्टीच्या दिवशी? आणि बायकापोरांसमोर आ करून दाखवू? तू एवढं हौसेनं केलंस, वाटलं, होईल बरं."

ग्रॅहमला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू त्याला शेवटचं कधी बघितलंस?"

"परवाच. रविवारी."

"तोंडात?"

"नाही. दारात." त्याने काकांना लगेच पाठव म्हणून सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

उजवा स्क्रू काढावा लागला, सोबत मेलेल्या हाडाचा तुकडाही. आधी कळलं असतं तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. कदाचित नाहीही. ग्रॅहम म्हणतो, ते कुणीच सांगू शकत नाही. मला मात्र दोन्ही उत्तरं रोज ऐकू येतात. जखम भरायला फार वेळ लागला. एका स्क्रूवर कवळी टिकत नाही, आणि त्या हाडाला पुन्हा हात लावायची ग्रॅहमची तयारी नाही. काका पुन्हा भातावर आले, तोही मऊ.

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. रविवारी अजून येतात. काकू येताना डब्यात त्यांचा भात आणतात, आमच्या बायकोला त्रास नको म्हणून.

धडा साधा आहे: ज्याला जेवायला बोलावतो, त्याचा डॉक्टर आपण होऊ नये. काकांची फाइल मी ग्रॅहमकडे दिली. तो "हाऊ आर यू" विचारत नाही. दिवा तोंडात मारतो आणि विचारतो, "एनी पेन?"

आणि काका सरळ सांगतात, "येस."