हरेशदादाचा बेंजो आणि माझं शून्य टक्के

हा किस्सा तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकलात तर तो मीठमसाला लावून सांगेल, म्हणून मीच सांगून टाकतो. जसं झालं तसं. मसाल्याची गरजच नाहीये हो, माझी इज्जत एका दुपारी सगळ्या बाजूंनी खरपूस भाजून निघालीय.

मी डोंबिवलीचा. इंजिनीयरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं, इलेक्ट्रॉनिक्स. का सोडलं? ज्या सरांनी आम्हाला डायोड शिकवला, त्यांच्या हातात डायोड मी कधी पाहिला नाही. पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचायचे, आम्ही उतरवायचो. एकदा विचारलं, "सर, हा उलटा लावला तर काय होईल?" म्हणाले, "ते परीक्षेला नाहीये." झालं. बाबांना हे कारण वाटत नाही. बाबा बँकेत आहेत. त्यांच्या मते आजारपण आणि मृत्यू ही दोनच कारणं, बाकी सगळे बहाणे.

तेव्हापासून मी घरी बसून एक प्लगइन बनवतोय. यातलं 'घरी बसून' हे बाबांचं आणि 'बनवतोय' हे माझं.

प्लगइन म्हणजे काय? गिटारवाल्यांच्या पायाशी एक लोखंडी डबी असते, तिला पेडल म्हणतात. पायाने दाबली की गोड आवाज फाटतो, गुरगुरायला लागतो. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. हो, मुद्दाम फाडतात. लोकांना आवडतं! ती डबी मला लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरमध्ये करायची होती, तेच प्लगइन. नुसता तसा आवाज कोणीही काढेल. मला डबीतलं अख्खं सर्किट, त्यातला एकेक पार्ट गणितात उतरवायचा होता. भानगड डायोडची. त्याचं उत्तर सरळ येत नाही. कॉम्प्युटर अंदाज करतो, चुकतो, सुधारतो, परत अंदाज करतो आणि हे सेकंदाला हजारो वेळा. माझा लॅपटॉप सेकंडहँड. त्याचा पंखा असा सुटायचा की आई आतून ओरडायची, "मिक्सर कोणी लावला रे?" लॅपटॉपला झेपलं नाही की आवाज तडतडायचा. म्हणजे माझी सगळी मारामारी एवढ्यासाठीच, की आवाज तोच राहिला पाहिजे आणि कॉम्प्युटरवरचं ओझं मात्र कमी झालं पाहिजे.

आता श्रीधरकाका. बाबांचे थोरले भाऊ, नौपाड्यात राहतात, कंपनीतून इंजिनीयर म्हणून रिटायर झालेत. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट सतत दुरुस्त केली, ती म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं. या काकांनी एका कॉलेजात माझ्यासाठी 'बोलून ठेवलं'. परस्पर! घरात जे व्हायचं ते झालं, आवाज चढले, आईने गॅस बंद करून बाहेर येऊन मध्यस्थी केली. शेवटी बाबा म्हणाले, "एक माणूस दाखव. फक्त एक, जो हे तुझं जे काही आहे ते घेऊन स्टेजवर वाजवेल. मी परत कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही मिळाला, तर पंधरा दिवसांनी सोमवारी काकांबरोबर जायचं आणि फॉर्म भरायचा."

"चालेल," मी म्हटलं. कारण माझ्याकडे माणूस होता.

हरेशदादा भोईर. शीळफाट्याच्या पुढच्या गावातला, त्याची बेंजो पार्टी आहे. आमच्याकडच्या आगरी-कोळी हळदीला गेला असाल तर बेंजो सांगायला नको. गेला नसाल तर सांगतो: एक लांबट पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. पेटी दिसायला खेळणं, पण ती गिटारच्या डिस्टॉर्शनमधून सोडली की म्हातारी माणसं खुर्चीवरून उठून नाचतात. हरेशदादाचं पेडल जुनंपुराणं, बनवणारा माणूस गेला, दुकान गेलं. ते मधेच बंद पडायचं म्हणून त्याने मला बघायला दिलेलं. मी ते उघडलं, पार्ट मोजले, सर्किट कागदावर काढलं. आतला सोल्डरचा एक टाका सुटलेला, तो जाता जाता लावून टाकला. परत देताना सांगितलं, "दादा, हे आता कपाटात ठेवा. हे सगळं माझ्या लॅपटॉपमध्ये आलंय."

"बरं बाला," दादा म्हणाला.

शनिवारी त्याच्या मावसबहिणीची हळद होती. तिथे माझं प्लगइन वाजणार हे पक्कं झालं. पण काका म्हणाले, आधी आपण प्रत्यक्ष बघू. म्हणून आदल्या रविवारी दादाच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर जायचं ठरलं. मी, बाबा आणि काका, काकांच्या गाडीतून.

सकाळी घरी लावून बघितलं तर आवाज तडतडतोय! नेमका त्याच दिवशी. मग मला एक आयडिया सुचली. प्लगइनला सांगायचं, ठरलेल्या वेळात गणित नाही आटपलं तर सोडून दे, आवाज जसा आलाय तसा पुढे जाऊ दे. क्षणभर कुणाला कळणारही नाही.

हे लिहायला मला वेळ कुठे मिळाला? शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी हलत नव्हती, मागच्या सीटवर मी, मांडीवर लॅपटॉप, आणि पुढे काका. "आमच्या वेळी ट्रान्झिस्टर रेडिओ आम्ही घरी जोडायचो. तुमच्या पिढीला चिकाटी माहीत नाही." मी टाइप करतोय. "आमच्या वेळी वडिलांसमोर तोंड वर करायची टाप नव्हती." मी दात खाऊन टाइप करतोय. लिहून झालं, आवाज तपासायला हेडफोन कानात घातला, तर बाबा मागे वळून म्हणाले, "काका बोलतायत. कानातलं काढ."

काढलं. आवाज न ऐकताच चालवून बघितलं, नुसता ओझं दाखवणारा मीटर बघितला.

शून्य टक्के.

म्हणजे माझं प्लगइन चालू होतं आणि लॅपटॉपवर ओझंच नव्हतं! पंखासुद्धा गप्प. इतके महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये, काकांच्या व्याख्यानाच्या साथीवर झालं. मला वाटलं, खिडकीतून डोकं बाहेर काढून ट्रकवाल्यांना सांगावं.

आता तुम्ही विचाराल, आवाजाचं यंत्र बनवणारा माणूस आवाज न ऐकता खूश कसा झाला? विचारा, विचारा. मीही स्वतःला तेच विचारतोय.

खोलीवर पोचलो. दादा, त्याचा ऑक्टोपॅडवाला सुजित आणि ढोलवाले दोघं तयारच होते. बेंजोच्या स्टँडला खालपर्यंत चमकीची झालर, वर पार्टीचं नाव. मी म्हटलं, "दादा, वायर इकडे द्या." झालरीखालून एक वायर आली, ती मी लॅपटॉपला लावली, लॅपटॉपमधून स्पीकरला. दादाने बेंजोवर बोट टेकवलं, आणि...

काय सांगू, काय आवाज होता! भिंतीवरचं कॅलेंडर हललं. सुजितने न सांगता ठेका धरला. काका दचकून भिंतीला टेकले. आणि मीटर? शून्य.

"हे बघा!" मी लॅपटॉप फिरवून दाखवला. "अख्खं सर्किट आत पळतंय आणि कॉम्प्युटरला पत्ताच नाही!"

काका म्हणाले, "मूळ पेडल कसं वाजतं? तुलना नको का करायला?"

"करा ना! दादा, आता लॅपटॉप काढा, पेडलवर वाजवा."

दादा झालरीखाली वाकला, वायर इकडची तिकडे केली, वाजवलं.

"सेमच वाटतंय," सुजित म्हणाला.

मला राग आला. "सेम? नीट ऐका! पेडलचा आवाज पातळ आहे, कोरडा आहे. माझ्यात एक ऊब आहे. भरीवपणा आहे." मग काकांकडे वळलो. "काका, तुम्हाला कदाचित कळणार नाही. वयाप्रमाणे कानाला बारीक फरक ऐकू येत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी वाक्य दुरुस्त केलं नाही, कानात बोट घालून हलवलं. दादाने परत लॅपटॉपवर लावून वाजवलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हो. आहे. थोडा भरीव आहे खरा."

"हां, आता समजलं," सुजित म्हणाला. "यो जाडा हाय."

आणि बाबा! बाबांनी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकरसमोर धरला. "अगं ऐक, आपल्या मंदारचं आहे हे. ऊब ऐकू येते का?"

फोनमधून आई म्हणाली, "कुकर फुटल्यासारखं वाटतंय. पण चांगलं आहे ना? मग झालं."

बाबा हसत होते. माझ्या कामाकडे बघून हसणारे बाबा मी आधी पाहिलेच नव्हते. मग मी काय थांबतोय? म्हटलं, "आता बघा हं, स्क्रीनवरचं हे बटण शून्यावर आणलं की फाटकेपणा जातो." बटण शून्यावर आणलं. दादा वाजवतच होता. "गेला की नाही? कसा स्वच्छ झाला!"

"वा, स्वच्छ!" काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. आणि शपथ सांगतो, मलाही स्वच्छच ऐकू आला.

"आणि आता फुल्ल!" मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

टिंग टिंग टिंग.

खेळण्यातल्या पियानोसारखा आवाज. मी बटण मागे घेतलं, पुढे केलं. टिंग टिंग. आवाज वाढवला. टिंगच, पण मोठ्याने. हळदीच्या गाण्याचं संथ कडवं आलेलं, दादा डोळे मिटून रंगात वाजवत होता. कडवं संपलं आणि एकदम घर्रर्र! कॅलेंडर हललं. माझा हात तर बटणावर नव्हताच.

मी खाली बसलो आणि झालर उचलली.

दादाचा पाय. पायाखाली पेडल, संथ कडव्याला पायाने बंद केलेलं, आता परत चालू. चिकटपट्टी लावून फळीला घट्ट बसवलेलं, बेंजोची वायर त्यात जाते आणि त्याच्यातली माझ्याकडे येते.

"दादा! हे अजून मधेच? कपाटात ठेवायला सांगितलेलं ना?"

"आरं, तू एवरा मस्त नीट करून दिलास," दादा म्हणाला. "कपाटात कशाला ठेवू?"

"मग ह्याचं काय?" काकांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

मी कोड उघडला. काका मागे उभे, बाबा बाजूला, फोनवर आई अजून चालू. गणिताला द्यायचा वेळ मी मिलिसेकंदाच्या जागी मायक्रोसेकंदात लिहिलेला. म्हणजे द्यायला पाहिजे त्याच्या हजाराव्या भागाइतका. गणित सुरू व्हायच्या आतच प्लगइन म्हणत होतं, नाही जमत, सोड, आवाज आहे तसा जाऊ दे. प्रत्येक वेळी. ओझं शून्य का होतं ते कळलं. ते काहीच करत नव्हतं.

"काहीच?" बाबांनी विचारलं.

"काहीच."

काकांनी चष्मा पुसला. "काहीच न करण्यात एवढे महिने घालवायचे होते, तर कॉलेजात बसून घालवायचे. डिग्री तरी मिळाली असती."

मी लॅपटॉप मिटला आणि वायर गुंडाळली.

घरी जाताना काकांनी गाडीत रेडिओ लावला. एकदाही 'आमच्या वेळी' म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं. आम्ही उतरताना एवढंच म्हणाले, "हळदीनंतरच्या सोमवारी सकाळी तयार राहा."

पण हळद शनिवारी होती ना! मी आकडा दुरुस्त केला, ओझं खरोखर कमी होईपर्यंत त्या गणिताच्या मागे लागलो, आणि गुरुवारी एकटाच दादाकडे गेलो. आधी पेडल माझ्या हाताने सोडवून बाजूला ठेवलं. मग लावलं. आणि चाललं! खरंच चाललं. तडतड नाही. पेडलच्या जवळ जाणारा, गुरगुरणारा, माझा स्वतःचा आवाज. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

दादाने पूर्ण गाणं वाजवलं. मन लावून. मग म्हणाला, "चांगला हाय."

"हाय ना!"

"हाय. पन त्या दिवशीचा जास्त भारी होता. त्योच लाव."

"दादा, त्या दिवशीचा काहीच करत नव्हता!"

"हां, त्योच. काय आवाज होता त्याचा!"

मी सर्किट सांगितलं, डायोड सांगितला, गणित सांगितलं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाला, हळद माझे बहिनीची हाय. तुझे गनिताची नाय. लॅपटॉप ठेव ना तू वरती, मी कुठं नाय बोलतू? पन त्या दिवशीचा ठेव."

तर शनिवारी, भर मांडवात, दादाच्या बाजूला मी उभा. स्टँडवर लॅपटॉप, त्यात त्या दिवशीचं प्लगइन, मीटर शून्य. झालरीखाली पेडल. दादाने माइकवर सांगितलं, "आजचा साउंड आपल्या डोंबिवलीच्या मंदारचा!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. सगळे नाचत होते. मी बटणं फिरवत होतो. नुसता उभा कसा राहणार?

बाबा एकटेच आलेले, रिक्षाने. मांडवाच्या कडेला हातात सरबताचा ग्लास घेऊन शेवटपर्यंत उभे होते. परत जाताना रिक्षात सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाले, "काकांना मी सांगतो. सोमवारी नको जायला."

रिक्षा खड्ड्यात आपटली, मी लॅपटॉप सावरला. बाबांचं संपलं नव्हतं.

"आणि एक सांगू? त्या दिवसापेक्षा आज आवाज खूपच सुधारलाय. मला गाण्यातलं कळत नाही, पण एवढा फरक माझ्यासारख्यालाही कळला. काय काय बदललंस?"

"बरंच," मी म्हटलं. "पण ते तुम्हाला नाही समजणार, बाबा."