मुकी गाडी

बस डेपोत त्या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणायचे. खरं तर माणूस इतका अबोल की बायको म्हणायची, ह्यांच्या वाटचं सगळं गाडीच बोलते. टेकडीच्या पायथ्याच्या वळणावर तो हॉर्नवर तळहात दाबून धरायचा. त्या आवाजावर वरच्या वस्तीत गॅस बंद व्हायचे, चपला शोधल्या जायच्या आणि गाडी चढ चढेपर्यंत थांब्यावर माणसं जमायची. थांब्याला छप्पर नाही की बाक नाही, तेव्हा तिथे आधीपासून ताटकळत उभं राहण्याची हौस कुणाला असणार? हॉर्न आला की निघायचं, अशी वर्षानुवर्षांची सवय.

मग शहराच्या बस ठेकेदाराकडे द्यायचं ठरलं. ठेकेदाराला बाजारातले भरलेले रस्ते हवे होते, टेकडीचा चढ नको होता. युनियनने मोर्चे काढले, भोंगाही घसा बसेपर्यंत ओरडला. शेवटी तडजोड झाली ती अशी: सोमवार ते शुक्रवार, आठवडाभर पाहणी करायची. वरच्या थांब्यांवर माणसं दिसली तर तिथली गाडी पालिकेची राहील. नाही दिसली तर टेकडीवर गाडीच नाही.

डेपो मॅनेजरने भोंग्याला बोलावून बजावलं, "आठवडाभर सगळं नियमात. वेळ चुकवायची नाही आणि तो तुझा हॉर्न एकदम बंद. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लावून घेऊ नकोस."

भोंग्याला ते पटलंही. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतोच की. त्याने गाडी धुऊन काढली, काचा लख्ख केल्या आणि घड्याळाकडे बघत, मुकाट्याने टेकडी चढायला लागला.

वरचे थांबे ओस. पहिल्या दिवशी ओस, दुसऱ्या दिवशी ओस. ठेकेदाराचा पाहणीवाला त्याच्या मागच्याच सीटवर बसायचा. बिचारा सभ्य मुलगा होता, पण प्रत्येक थांब्यावर तो कागदावर शून्य काढायचा तेव्हा भोंग्याच्या मानेवर काटा यायचा. कंडक्टर ताई दारातून वाकून वाकून बघायची आणि ओठ चावत घंटी द्यायची. भोंग्याचं डोकं फिरायला लागलं. यांच्यासाठी आम्ही उन्हात बोंबललो आणि ही मंडळी घरात पाय पसरून बसलीत. त्याची थोरली बहीण, अक्का, वरच राहायची. तिला एक दिवसाआड रक्त साफ करून घ्यायला इस्पितळात जावं लागायचं आणि ती याच गाडीने जायची. तीही फिरकली नाही. भाच्याने नेलं असेल कुणाच्या तरी गाडीवर, असं म्हणून त्याने रागारागाने तिला फोनसुद्धा केला नाही.

पाहणीच्या शेवटच्या सकाळी बाजारातल्या थांब्यावर ताई चहा टाकून धावत आली.

"दूधवाला विचारतोय, तुमची गाडी बंद झाली ना? वरचे म्हणतात, हॉर्न येत नाही म्हणजे गेली गाडी. बंद होणार होणार असं ऐकतच होते, त्यांनी तसंच धरलं. लोक उतार चालत येताहेत, दादा."

"आणि अक्का?"

"त्यांना चालवतंय कुठं? दोन वेळा चुकल्या म्हणे."

भोंग्याने लगेच गाडी काढली. पायथ्याच्या वळणावर आला, गाडी बाजूला घेतली आणि हॉर्नवर तळहात दाबला. दाबूनच धरला.

"पुढे कुणी नाहीये," पाहणीवाला म्हणाला.

"आहेत. घरात आहेत."

भोंग्याने इंजिन बंद केलं. टेकडी गप्प होती. चार दिवस मुकं राहिल्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याने पुन्हा हॉर्न दिला.

"तुम्ही वेळ चुकवताय. मला लिहावं लागेल."

"लिहा."

तिसऱ्यांदा हॉर्न दिला आणि वर कुठेतरी एक दार वाजलं. मग दुसरं. मग कुणीतरी कुणाला तरी हाक मारली आणि उताराच्या दगडांवर चपलांचा आवाज सुरू झाला. तरीही भोंग्याने घाई केली नाही. माणसं नीट जमू दिली आणि मगच पहिला गिअर टाकला.

थांब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. केस विंचरता विंचरता आलेल्या बायका, दप्तरं, काठ्या, आणि सगळ्यांच्या मागून भाचा आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणत होते ती अक्का. तिचा चेहरा सुजला होता, पाय चपलेत मावत नव्हते. खुर्ची ड्रायव्हरच्या खिडकीखाली टेकली.

"मेल्या, वाचा गेली होती का तुझी?" तिने दम खात विचारलं. "मला वाटलं, बंद पाडली तुमची गाडी. उगाच तुझ्या जिवाला लागेल म्हणून फोन नाही केला."

भोंग्याला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही.

इस्पितळाच्या दारात ताई अक्काला आत घेऊन गेली, तेव्हा पाहणीवाल्याने कागद पुढे केला. "आजची गर्दी मी लिहिलीय. आता फेरपाहणी घ्यावी लागेल, हॉर्नसकट. पण हेही लिहिलंय. सही करा."

भोंग्याने वाचलं. गाडी थांबवली, बरोबर. उशीर केला, बरोबर. विनाकारण हॉर्न वाजवला.

"चौकशी लागेल ना?"

"लागेल."

"लागू दे. उशीर राहू दे, गाडी थांबवली तेही राहू दे." त्याने कागद परत दिला. "विनाकारण तेवढं खोडा, मग सही करतो."