कॅल्शियम सगळ्यात शेवटी

बाटलीच्या गळ्यावर नखानं दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "घाई कायची आहे, पोरी? कॅल्शियम सगळ्यात शेवटी." ही बाईंची सवय.

चंद्रपूरच्या ज्या फार्मसी कॉलेजात मी काचेची भांडी धुते, तिथल्या प्रयोगशाळेत बाई परिचर होत्या. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, शाळा आठवीत सुटलेली. नवऱ्याला कोळशाच्या खाणीवर काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले. आमच्याकडं अशा बाईला मावशी म्हणतात. इथं सगळे बाई म्हणायचे, मीही म्हणू लागले. मला सारखी धास्ती असायची, काही फुटेल आणि उद्यापासून येऊ नको म्हणतील. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ते जवळ उभं असलं की हातून काही फुटत नाही.

बाईंचं खरं काम आतड्याचं. प्रयोगाच्या सकाळी त्या कोंबडीवाल्याकडून ताजं आतडं थर्मासात घेऊन यायच्या. माहेर पोंभुर्ण्याकडचं, तळ्यात मासे धरणारं. लहानपणापासून मासे साफ करून हात तयार झालेला. बोटभर तुकडा कापायचा, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि कोमट खारट पाण्यात उभा टांगायचा. खालून हवेचे बुडबुडे, माशांच्या टाकीला लावतात तसल्या मोटरीचे. वरचा दोरा एका काडीला, काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर. थोड्या वेळानं तुकडा आपसूक आवळायला लागे, सैल पडे, परत आवळे, आणि कागदावर डोंगर उमटत जात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मागं सरकले. बाई म्हणाल्या, "भेऊ नको. कोंबडी मेली, पण आतड्याले कोणी सांगतलंच नाई."

प्रयोग संपला की तुकडा त्या स्वतःच उतरवायच्या. आधी म्हणायचं, "बस झालं, आता झोप." मग हवेचं बटण बंद. पोरं हसायची, बाईही हसायच्या. पण म्हणायचं कधी चुकलं नाही.

ते खारट पाणी पाच-सहा क्षार घालून करतात. कॅल्शियम शेवटी, पाणी पुरतं भरल्यावर, हळूहळू. नाहीतर खायच्या सोड्याशी त्याची गाठ पडते आणि सगळं दुधासारखं होतं. परीक्षेच्या दिवशी मी घाईत सगळं एकदम ओतलं. पाच लिटर पाणी पांढरंफटक, आणि बाहेरगावचे परीक्षक दारात. बाईंनी भांडं माझ्या हातातून घेतलं आणि प्रयोग शिकवणाऱ्या आमच्या सरांना म्हणाल्या, "माह्या हातानं झालं, सर. वीस मिनिटं द्या."

इतक्या वर्षांत एवढंही कळत नाही का, असं सरांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. त्या मान खाली घालून क्षार मोजत राहिल्या. नंतर मी रडायला लागले तर म्हणाल्या, "कायले रडतं? मी पक्क्या नोकरीत आहो, मले काढाले कागद लागते. तुले तोंडी सांगतलं तरी जमते."

एकदा सर मुलांना कॅल्शियम नसलेल्या पाण्यातलं आतडं दाखवत होते. तुकडा नुसता लोंबत होता. औषध घातलं तरी हलेना. सर म्हणाले, स्नायूच्या पेशीला बारीक दारं असतात. ती उघडली की बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, तेव्हा कुठं स्नायू आवळतो. मग त्यांनी कॅल्शियमचे थेंब सोडले आणि काडी उठली. बाई माझ्याशेजारी बेसिनपाशी होत्या. हळूच म्हणाल्या, "दार खोलून काय फायदा? बाहेर कोणी उभं पायजे ना." परगावात राहणाऱ्याला असं वाक्य विसरता येत नाही.

यंदा मार्कंड्याच्या जत्रेला म्हणून त्या गडचिरोलीला लेकीकडं गेल्या आणि तिथंच पोट धरून पडल्या. आतड्याला पीळ बसला होता. ऑपरेशन झालं, पीळ सुटला, पण आतडं काही चालेना. मी एसटीनं पोचले तेव्हा ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस होता. नाकात नळी, पोट माठासारखं. लेक दर तासाला विचारायची, वारा सरला का. शेजारच्या खाटेवरची म्हातारीही तेच विचारायची. बाई म्हणाल्या, "साऱ्या वार्डाले माह्या पादायची वाट आहे." आम्ही सगळ्याच हसलो. हसताना त्यांचे टाके दुखले.

डॉक्टरांनी पोटावर तपासायची नळी लावून बराच वेळ ऐकलं. मी धीर करून विचारलं, कॅल्शियम कमी पडलं असेल का? ते रागावले नाहीत. रक्त तपासलंय, कॅल्शियम बरोबर आहे, बाकीचे क्षारही बरोबर आहेत, म्हणाले. कधी कधी आतडं असं बसून राहतं, वाट पाहावी लागते. मला आयुष्यात तेवढं एकच शास्त्र माहीत होतं, आणि ते तिथं कामाचं नव्हतं.

लेक औषध आणायला गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "कान लाव, पोरी. मले कोणी खरं सांगत नाई."

मी टाक्यांच्या बाजूला कान ठेवला. वर कुठंतरी काळजाचे ठोके होते. खाली काही नव्हतं.

"आहे काई?"

"आहे, बाई. थोडं गुडगुडतंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर नखानं दोनदा टकटक केली. "माह्यावानीच खोटं बोलाले शिकली," म्हणाल्या.

संध्याकाळच्या गाडीनं मला परतावं लागलं, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, बाई गेल्या. आतडं शेवटपर्यंत चाललं नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रयोग होता. थर्मास घेऊन मी गेले. पाणी मीच केलं, कॅल्शियम शेवटी घातलं. तुकडा टांगला, आणि चांगला चालला. दुपारी मुलं गेली. आवरून घ्या, म्हणून सरही गेले. कागद कधीच संपला होता, तरी काडी वर जात होती, खाली येत होती. मी हवेच्या बटणापाशी उभी राहिले. आधी जे म्हणायचं असतं ते माझ्या तोंडून निघेना, आणि ते म्हटल्याशिवाय बटण बंद करता येईना.